जानेवारीतले ‘नागपुरी’ संत्रे

संक्रांतीच्या सुमाराला पुण्या-मुंबईच्या चौकाचौकांत हातगाड्यांवर चकचकीत केशरी फळांचे ढीग लागतात आणि ‘नागपुरी संत्री’ अशी हाळी ऐकू येते. त्या ढिगातली फळे बऱ्याचदा नागपूरची नसतातच. तो असतो किन्नू, पंजाबातल्या अबोहरकडून किंवा राजस्थानातल्या श्रीगंगानगरहून आलेला.

फळ हातात घेण्याआधी महिना बघावा. विदर्भातल्या संत्र्याला मुख्य बहार दोन. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडली जातात. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो, त्याची तोड साधारण फेब्रुवारीपासून पुढे चालते. या दोन्हींच्या मध्ये जानेवारीत वरूड, मोर्शी, काटोलचा माल कमी होतो आणि नेमका तेव्हाच किन्नू भरात असतो.

महिन्याने खात्री होत नसेल तर बोटांनी करावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाजवळ बहुधा थोडा उंचवटा आणि त्याभोवती चुण्या असतात. अंगठा रुतवला की साल सहज सुटून येते, फोडी आपणहून वेगळ्या होतात आणि मधोमध पोकळी दिसते. किन्नूची साल पातळ, गुळगुळीत आणि फोडींना धरून बसलेली. तो सोलता येतो, पण नखाला काम पडते. त्याच्या बिया मोजल्या तर बारा ते चोवीसपर्यंत भरतात, नागपुरीत त्या पुष्कळ कमी असतात. चकाकीवर मात्र जाऊ नये, कारण पॅकिंगच्या वेळी किन्नूला सर्रास मेणाचा हात दिलेला असतो.

किन्नूला कमी लेखण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथे एच. बी. फ्रॉस्ट यांनी 1915 साली ‘किंग’ आणि ‘विलो लीफ’ या दोन मँडरिनांचा संकर केला, त्यातून निवडलेले हे वाण 1935 मध्ये प्रसारित झाले. रस काढायला ते उत्तम. पण नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असताना दुसरे फळ त्या नावाने विकले जावे, हे विदर्भातल्या बागायतदारावर अन्याय करणारे आहे. तो अन्याय थांबवणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी एक फळ सोलून पाहण्याइतकीच तसदी पुरते.

गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. ऑक्टोबरातले आंबियाचे हिरवट संत्रे पाहून लोक ‘कच्चे आहे’ म्हणत पुढे जातात. संत्रे आतून पिकते ते साखर वाढून आणि आंबटपणा उतरून. सालीतला हिरवा रंग जायला मात्र गार रात्री लागतात, पारा साधारण 13 अंशांच्या आसपास यावा लागतो. त्यामुळे थंडी पडायच्या आधी तोडलेले फळ बाहेरून हिरवट आणि आतून गोड असू शकते. हातात जड लागले आणि देठाजवळची साल जरा सैल वाटली, तर ते हिरवे संत्रे खुशाल घ्यावे.

मोसंबी ओळखायला कुणाला अडचण पडत नाही, पण तिची बी एकदा तरी कापून बघण्यासारखी आहे. संत्र्याच्या बीचा गर फिकट हिरवा असतो, मोसंबीचा पांढरा. मोसंबी गोड संत्र्याच्या कुळातली, आणि ते कूळ पपनस आणि मँडरिन यांच्या प्राचीन संकरातून आलेले. जालन्याकडच्या मोसंबीच्या सालीवर उभ्या रेषा असतात आणि देठाच्या विरुद्ध टोकाला गोल कडे उमटलेले असते. आंध्र-तेलंगणातून येणारी सातगुडी दिसायला तिच्यासारखीच, पण तिची साल गुळगुळीत असते.

बागेत तर याहून मोठी फसगत होते. संत्र्याचे कलम जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. वरचा संत्र्याचा भाग वाळला आणि खालून खुंट फुटून वाढला, तर झाड टवटवीत दिसते, फळेही धरते. रंगपूर लिंबाचे फळ तर छोट्या संत्र्यासारखेच केशरी आणि सहज सोलले जाणारे, तोंडात टाकल्यावर मात्र जळजळीत आंबट. परसात एकच झाड असलेल्या घरी ‘आमचे संत्रे अचानक आंबट झाले’ असे म्हणतात, तेव्हा बुंध्याशी वाकून पाहावे. कलमाच्या सांध्याच्या खालून निघालेली फूट दिसताक्षणी काढली असती, तर ही वेळ आली नसती.

नर्सरीत कुंडीतली ‘चायना संत्री’ मिळतात, तीही दोन प्रकारची. गोल, चपटसर आणि सहज सोलले जाणारे फळ ते कॅलामॉन्डिन. त्याचा रस लिंबासारखा वापरता येतो, सरबतात किंवा माशावर पिळायला तो छान. बोटाच्या पेराएवढे लांबट फळ ते कुमकाट. ते सोलायचे नसते. त्याचा गोडवा सालीत आणि आंबटपणा गरात असतो, म्हणून धुऊन सालीसकट चावून खावे.