निदानानंतरचे दिवस

सचिन हे एके काळी सिद्दी नवाबांचे छोटे संस्थान. आज त्याची ओळख आहे ती औद्योगिक वसाहतीमुळे. उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. बारा तासांची पाळी आणि ती निभावून नेण्यासाठी गालात धरलेला मावा, हे चित्र मी दवाखान्यात नित्य पाहतो. त्यामुळे येथे कर्करोग म्हटला की बहुधा तो तोंडाचाच.

तपासणीचा अहवाल आला की नातेवाईक आधी एकटेच आत येतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, त्यांना काही सांगू नका." त्यामागची माया मी जाणतो, परंतु हे मौन मला कधीच पटलेले नाही. न भरणारी जखम रुग्ण रोज जिभेने चाचपत असतो. त्याला कळलेले असतेच. आपल्या गप्प राहण्याने तो केवळ एकटा पडतो. अर्थात सर्व काही एकाच बैठकीत सांगावे असे नाही. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते आधी विचारावे.

शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत याच रोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दोन दशके ते सार्वजनिक जीवनात वावरले. आर. आर. पाटील मात्र १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, अवघ्या ५७ व्या वर्षी गेले. पहिले उदाहरण मी रुग्णाला सांगतो, दुसरे मावा खाणाऱ्या त्याच्या मुलाला.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर खरी परीक्षा जेवणाच्या पानावर होते. जबडा आखडतो, लाळ आटते, तिखट सोसत नाही; आणि खानदेशी माणसाला बिनतिखटाचे जेवण म्हणजे शिक्षाच! दुधात कुस्करलेली भाकरी, तूप घातलेली मऊ खिचडी चालते. जबड्यासाठी आइसक्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून, हळूहळू एकेक वाढवण्याचा व्यायाम चिकाटीने करावा लागतो. घरच्यांबरोबर पंगतीला बसता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

वेदनेविषयी आपण वैद्यकीय मंडळीच भित्री आहोत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनाशमनाच्या पायऱ्या घालून दिल्या. त्याच वर्षी मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले. परंतु १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन रुग्णांना दुर्मिळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, तरी मनातला धाक उरलाच आहे. योग्य मात्रेत, वेळेवर आणि सोबत बद्धकोष्ठावर औषध देऊन ते दिले, तर रात्रभर कण्हणारा माणूस झोपतो.

राहिला पैशाचा प्रश्न. रेशनकार्ड गावी आणि माणूस येथे, अशी अनेकांची स्थिती. महात्मा फुले योजनेचा लाभ महाराष्ट्रातील रुग्णालयांत, तर आयुष्मान कार्ड योजनेत सामील असलेल्या अन्य राज्यांतील रुग्णालयांतही चालते. म्हणून कोणते कार्ड आहे, हे मी पहिल्याच भेटीत विचारतो.