सुरक्षित म्हणजे कोणासाठी, किती आणि कशाच्या तुलनेत?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठून विचारलं, "सर, प्लास्टिक मऊ करायला जे रसायन घालतात ते सुरक्षित आहे की नाही, एका शब्दात सांगा." आम्ही म्हटलं, एका शब्दात सांगितलं तर ते उत्तर चुकीचं असेल, तासभर द्या. तो तास आज घेऊ. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण "सुरक्षित" हा शब्द नुसता प्रयोगशाळेत ठरत नाही. त्यात अनुमान असतं, तुलना असते आणि निवाडाही असतो. तो निवाडा कसा होतो हे आज एकाच रसायनाच्या उदाहरणाने पाहू.

त्याचं पूर्ण नाव डाय-टू-एथिलहेक्सिल थॅलेट. लांब आहे, म्हणून एकदाच घेतलं. यापुढे डीईएचपी म्हणू.

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं. नळाचा पांढरा पाइप आठवा. तेच पीव्हीसी सलाइनच्या नळीत, रेनकोटमध्ये, वायरीच्या वेष्टनात मऊ कसं होतं? पुरणपोळीची कणीक तेल घालून तिंबतात तशातलाच हा प्रकार. प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये प्लास्टिसायझरचे रेणू शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. पण तेल कणकेत मुरलं तरी त्याचं पीठ होत नाही. पोळी कागदावर ठेवा, डाग पडतोच. डीईएचपीही पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. ते हळूहळू बाहेर येतं, उष्णतेने जास्त येतं, आणि स्निग्ध पदार्थाचा स्पर्श झाला तर आणखी जास्त. मऊ पीव्हीसीच्या रक्तपिशवीत वजनाने ३० ते ४० टक्के हाच पदार्थ असू शकतो. म्हणजे आपण चिमूटभर मिसळलेल्या रंगाबद्दल बोलत नाही आहोत.

आता पहिला फरक लक्षात घेऊ. अंगणात चाळीस फूट खोल विहीर आहे. विहीर घातक आहे का? आहे, पडलं तर जीव जाईल. पण जोखीम किती? कठडा आहे का, रात्री दिवा असतो का, घरात रांगणारं मूल आहे का, यावर ते अवलंबून. घातकता हा वस्तूचा गुण, आणि जोखीम ही वस्तू व माणूस यांच्या संबंधातून तयार होते. वर्तमानपत्रातले निम्मे गोंधळ हे दोन शब्द एकच मानल्यामुळे होतात.

आधी घातकता घेऊ. १९८२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी चाचणीचे निष्कर्ष आले. रॅट आणि माऊस या दोन्ही जातींच्या उंदरांना दोन वर्षं अन्नातून डीईएचपी दिलं होतं. रॅटच्या अन्नात त्याचं प्रमाण १.२ टक्क्यांपर्यंत होतं. दोन्ही जातींत यकृताच्या गाठी वाढल्या. त्याच वर्षी आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने डीईएचपीला "२ बी" गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकलं. पुढे २००० साली तिथून काढून "३" गटात ठेवलं, म्हणजे माणसाबाबत वर्गवारी करता येत नाही असं म्हटलं. आणि २०११ साली पुन्हा "२ बी". लोक म्हणतात, बघा, शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. आम्हाला हीच गोष्ट शास्त्राच्या बाजूची वाटते. का, ते सांगतो.

आपल्या न्यायदर्शनात एक जुनं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. पण उलटं म्हणून पाहा, जिथे अग्नी तिथे धूर. ही कच्ची. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक "उपाधी" म्हणतात, म्हणजे न सांगितलेली अट. आता आपल्या विधानाकडे या. "डीईएचपी असेल तिथे गाठ." यात एखादी उपाधी लपली आहे का? शास्त्रज्ञांनी शोधली. उंदरांच्या यकृतात पीपीएआर-अल्फा नावाचा रिसेप्टर आहे. डीईएचपीपासून शरीरात बनणारा पदार्थ त्याला चेतवतो आणि उंदराचं यकृत त्याला फार जोरात प्रतिसाद देतं, माणसाचं तेवढं देत नाही. ओलं सरपण सापडलं, म्हणून २००० साली वर्ग बदलला. पुढे हा रिसेप्टरच नसलेले उंदीर तयार करून त्यांना डीईएचपी दिलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनाही गाठी झालेल्या दिसल्या. सरपण काढून घेतलं तरी धूर येतोच आहे, तर मग उपाधीचा तो एकच खुलासा पुरेसा नव्हता. असे पुरावे जमले आणि वर्ग पुन्हा बदलला. याला आम्ही धरसोड म्हणणार नाही.

पण ध्यानात ठेवा, आयएआरसीचे गट विहिरीची खोली सांगतात, तीही "विहीर आहे याची खात्री किती" अशा भाषेत. कठड्याची उंची तिथे नसते. ती दुसरीकडे ठरते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००५ साली डीईएचपीची रोजची सहन करण्याजोगी मात्रा ठरवली. गाठींपेक्षाही कमी मात्रेत दिसणारा परिणाम त्यांनी आधार म्हणून घेतला, तो म्हणजे नर पिल्लांच्या वृषणांवर होणारा. रोज, दर किलो वजनामागे सुमारे ५ मिलिग्रॅमपर्यंत तो दिसत नव्हता. या ५ ला १०० ने भागलं, आले ०.०५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३ मिलिग्रॅम, दहा किलोच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम.

हे १०० कुठून आले? १९५४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू यांनी ही शंभरपट अंतराची पद्धत मांडली. आज तिचा अर्थ असा लावतात: माणूस प्राण्यापेक्षा दहापट नाजूक असू शकेल, आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकेल. दहा गुणिले दहा. हा आकडा निसर्गात कोणाला सापडलेला नाही, तो विचारपूर्वक ठरवलेला आहे. म्हणून तो खोटा होत नाही, कठडाही माणसानेच बांधलेला असतो. पण ०.०४९ सुरक्षित आणि ०.०५१ विष, असं समजणं म्हणजे कठड्यालाच विहिरीचा काठ समजणं.

२०१९ साली याच संस्थेने आणखी एक शहाणपणाची दुरुस्ती केली. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयएनपी ही चार थॅलेटं गर्भातल्या नर पिल्लाचं टेस्टोस्टेरॉन कमी करतात. मग प्रत्येकाला वेगळी मर्यादा देऊन काय उपयोग? शरीर चार वेगळी खाती ठेवत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या जोरानुसार चौघांची बेरीज करून एकच मर्यादा ठेवली.

आता या सगळ्याची खरी परीक्षा होते ती रक्तपेढीत. पिशवीतल्या रक्तात प्लास्टिसायझर उतरतं हे १९७० साली जेगर आणि रुबिन यांनी दाखवून दिलं. मग पिशवी बदलायची की नाही? पुढच्या दशकात अनपेक्षित गोष्ट कळली. हे उतरलेलं डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणाला आधार देतं. ते नसेल तर साठवणीत पेशी जास्त फुटतात. योग्य द्रावणात तांबड्या पेशी ४२ दिवस ठेवता येतात, आणि त्यात या "दूषिता"चाही हात आहे. युरोपने डीईएचपीच्या वापरावर परवान्याची अट २०१५ च्या फेब्रुवारीपासून लावली, पण वैद्यकीय साधनांसाठीची मुदत वाढवत वाढवत १ जुलै २०३० पर्यंत नेली, ती याच अडचणीमुळे.

आमचा नातू आठव्या महिन्यात जन्मला. काचेपलीकडे त्याच्या अंगाला नळ्या लावलेल्या होत्या आणि रक्त द्यायचं म्हणून डॉक्टरांनी संमतीची सही मागितली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली दिलेली सूचना आम्ही वाचलेली होती. ज्यांना सर्वाधिक जपायला हवं त्यांत अतिदक्षता विभागातली नवजात मुलं, विशेषतः मुलगे, येतात. वजन किलो-दीड किलो, नळ्या अनेक, आणि वृषणांची वाढ चालू. तिथे शक्य असेल तर डीईएचपी नसलेली साधनं वापरा, असं त्यात होतं. पण त्याच सूचनेत हेही होतं की, गरजेचा उपचार टाळण्याचा धोका या रसायनाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मुलाचा हात थरथरत होता. आम्ही त्याला म्हटलं, सही कर. आणि डॉक्टरांना विचारलं, वेगळ्या प्लास्टिकच्या नळ्या आहेत का? काही होत्या, काही नव्हत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात हे त्या दिवशी नीट समजलं. उपचार घ्यायचा, आणि बरी वस्तू मागत राहायची.

आता शरीराबाहेर येऊ. डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, गाळाला चिकटतं. हवा असलेल्या पाण्यात जिवाणू ते बऱ्यापैकी लवकर मोडतात. तळच्या हवा नसलेल्या गाळात ते फार हळू मोडतं. "मोडतं" म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण टाकीला खालून गळती असली आणि वरचा नळ सतत चालू असला, तर टाकी रिकामी होते का? शरीरातही तेच. बरंचसं डीईएचपी दिवस-दोन दिवसांत लघवीवाटे जातं, आणि उद्या नवं येतं. युरोपने २००८ साली याला प्रजननाला घातक म्हणून चिंताजनक पदार्थांच्या यादीत घेतलं, आणि २०१४ साली पर्यावरणातल्या जिवांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं म्हणूनही नोंदवलं. म्हणजे सुरक्षितता "कोणासाठी" यात मासेही आले.

शेवटचा मुद्दा पर्यायांचा. बीएएसएफ कंपनीने २००२ साली डीआयएनसीएच बाजारात आणलं. डीआयएनपीमधल्या बेंझिन कड्यात हायड्रोजन भरून ते बनतं. युरोपच्या संस्थेने २००६ साली त्याला किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा दिली, डीईएचपीच्या वीसपट. चांगलंच आहे. पण नव्या पदार्थाबद्दल "काही वाईट आढळलेलं नाही" हे वाक्य ऐकलं की आपल्या परंपरेतला अनुपलब्धीचा विचार आठवावा. खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं कधी म्हणता येतं? दिवा लावलेला असेल, आणि घडा असता तर दिसला असता, तेव्हा. अंधारात न दिसणं हा पुरावा नव्हे. म्हणून पर्यायाबद्दल आधी विचारायचं की दिवा किती लावला होता, किती वर्षं पाहिलं, कोणत्या वयाच्या जिवांत पाहिलं.

तर त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. कोणासाठी, किती, किती काळ आणि कशाच्या तुलनेत, ही चार टोकं बांधल्याशिवाय "सुरक्षित" हा शब्द अधांतरी असतो. मूल तोंडात घालणाऱ्या खेळण्यात डीईएचपीची गरजच नाही, तिथे कठोर व्हावं. खेळण्यांच्या भारतीय मानकात थॅलेटांसाठी वेगळा भाग आहे आणि २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्यावं. गरम आणि तेलकट पदार्थ मऊ पीव्हीसीत ठेवू नये. आणि रुग्णालयात रक्ताची गरज असेल तर पिशवीच्या भीतीने हात मागे घेऊ नये.

नातू आता शाळेत जातो. त्याच्या वर्गातल्या मुलांची मुलं जन्मतील तेव्हा त्या नळ्या वेगळ्या असाव्यात, एवढीच इच्छा. ते व्हायचं तर आपण सगळ्यांनी योग्य प्रश्न विचारत राहायला हवं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.