माळ्यावरचा रणगाडा पुन्हा जोडताना

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी लष्करी प्रतिकृतींचा छंद अनेक वर्षांनी पुन्हा हाती घेणाऱ्याने प्रथम खोक्यावरील प्रमाण वाचावे. १:३५ म्हणजे मूळ वस्तूचा पस्तिसावा भाग, ज्या मापात १७५ सेंटिमीटर उंचीचा जवान ५ सेंटिमीटरचा होतो.

नव्या संचाची घाई अनावश्यक आहे. सुटे भाग ज्याचे असतात ते पॉलिस्टायरीन प्लास्टिक सहसा टिकते. दगा देतात ती डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, ज्यांचा पातळ थर जुना झाला की भिजताच त्याचे तुकडे पडतात. म्हणून नको असलेला एखादा क्रमांक आधी कोमट पाण्यात टाकून पाहावा, आणि तो फुटल्यास उरलेल्या पानावर पारदर्शक वॉर्निश मारून, ते वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेकडेने कापून घ्यावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच सुकतो; रंगकाम सकाळीच उरकावे.

संदर्भासाठी छायाचित्रांपेक्षा अहिल्यानगरचे, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय सरस होय, कारण तेथे चेन्नईजवळच्या आवडी येथे तयार झालेला विजयंता रणगाडा जवळून पाहता येतो (आणि प्रतिकृतींवर गंज किती अवास्तव चढवला जातो, हेही उमगते).