अर्धे घर अंधारात, अर्धे उजेडात

इर्शाळगडावर ढग उतरले आणि वारा सुटला की पायथ्याच्या चौक गावात वीज जाणे नवे नाही. दिवे गेले की लोक आधी शेजारच्या घराकडे पाहतात. तपासाची खरी सुरुवात तीच. सगळीकडे अंधार असेल तर बिघाड लाइनीत आहे आणि तक्रार महावितरणकडे, १९१२ या क्रमांकावर करायची. दिवे कुठे मंद, कुठे डोळे दिपवणारे झाले तर लाइनीचे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटल्याची शक्यता असते. तेव्हा घरचा मेन स्विच लगेच बंद करावा.

पण शेजारी उजेड, आपल्याही स्वयंपाकघरात दिवा चालू आणि फक्त माजघर बंद, असे झाले तर?

घरात विजेचा रस्ता ठरलेला असतो. ती फेजने येते, दिव्यातून किंवा पंख्यातून जाते आणि न्यूट्रलने परतते. हा फेरा कुठेही तुटला की उपकरण बंद.

म्हणून पुढची नजर डीपीतल्या, म्हणजे घरच्या स्विचपेटीतल्या, एमसीबीकडे; हा बिघाड होताच आपोआप पडणारा, म्हणजे ट्रिप होणारा, स्विच. ट्रिप झालेल्या एमसीबीची दांडी अनेकदा मधेच अडकते. ती आधी पूर्ण खाली करून मग वर करावी लागते. त्याआधी त्या सर्किटवरच्या सगळ्या उपकरणांचे प्लग काढावेत. एमसीबी टिकला तर एकेक प्लग लावत जावे. ज्याच्यामुळे पुन्हा ट्रिप होईल, दोष त्यात. प्लग काढूनही टिकत नसेल तर बहुधा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. मग दांडी वर रेटत राहू नये.

कधी कारण साधेच असते. ६ अँपिअरचा एमसीबी २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट पेलतो. त्यावर २००० वॅटचा गीझर लावला तर तो पडणारच. जुन्या घरांत फ्यूज वारंवार जातो म्हणून तांब्याची जाड तार बांधतात. मग फ्यूज वितळत नाही, भिंतीतली वायर तापते.

पावसाळ्यात आरसीसीबी पडण्याचे प्रमाण वाढते. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत फरक पडला की तो सर्किट तोडतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची गळती पुरते. पडवीतला ओला बोर्ड किंवा पाण्याची मोटर हे नेहमीचे संशयित.

सगळ्यात चकवणारा दोष म्हणजे टेस्टर पेटतो, पण दिवा लागत नाही. टेस्टरला अगदी थोडा प्रवाह पुरतो आणि तो हाताळणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जातो. टेस्टर पेटला याचा अर्थ फेज आली, एवढाच. न्यूट्रल कुठेतरी सुटले असेल तर फेरा पुरा होत नाही. बटण चालू असताना सॉकेटची दोन्ही भोके टेस्टर पेटवतात तेव्हा बहुतेक हेच झालेले असते. बोर्डातला सैल स्क्रू किंवा जळालेला जोड हे त्याचे नेहमीचे कारण.

बोर्ड उघडण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनचे. जळका वास, काळवंडलेला सॉकेट, ओली भिंत दिसली तर मेन बंद करून त्याला बोलवावे. पावसाळा लागण्याआधी प्रत्येक एमसीबीवर त्याच्या खोलीचे नाव लिहून घ्यावे आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही, तर तो आजच बदलून घ्यावा.