वस्तू घेण्याआधी तिचे फेरे मोजा : फर्निचर भाड्याने देण्याचा व्यवसाय

मैत्रिणींनो, मांडव-बिछायतीचा धंदा आपल्याला नवा नाही. लग्न असो की गावजेवण, सतरंज्या, खुर्च्या, पातेली भाड्याने आणल्याशिवाय कार्य पार पडत नाही. आता आपल्या मुळशीत याच धंद्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतंय. हिंजवडी, माण, मारुंजीला आयटी पार्कात नोकरीला आलेली मुलं-मुली, लवळ्याला शिकायला आलेले विद्यार्थी. ही मंडळी वर्ष-दोन वर्षं राहणार. पलंग-कपाट विकत घेऊन ती काय करणार? त्यांना भाड्यानेच हवं असतं.

गटाने यात पडावं का? पडावं, पण आधी हिशोब करावा.

हिशोब कसा करायचा?
भाड्याच्या धंद्यात वस्तू किती वेळा बाहेर जाते, यावर पैसा मिळतो. समजा, १०० खुर्च्या ६०,००० रुपयांना घेतल्या आणि खुर्चीमागे दिवसाला ८ रुपये भाडं ठेवलं. सगळ्या एकदा गेल्या की ८०० रुपये. म्हणजे मुद्दल सुटायला ७५ फेरे लागणार. वर्षाला २० कार्यक्रम मिळाले तर जवळजवळ चार वर्षं!

आता समजा, पलंग, गादी, टेबल, खुर्ची असा संच १८,००० रुपयांना पडला आणि महिन्याला १,५०० रुपये भाडं आलं. वर्षात नऊ महिने संच बाहेर राहिला तर १३,५०० रुपये झाले. मुद्दल १६ महिन्यांत सुटतं; दुरुस्ती आणि टेम्पो धरून दीड वर्ष म्हणा. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या भागातला दर चार ठिकाणी विचारा आणि याच पद्धतीने मांडून बघा.

पावसाळ्याचं काय?
चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. गणपती-नवरात्रात थोडीफार मागणी येते, एरवी खुर्च्या पडून राहतात. पण कर्जाचा हप्ता काही चातुर्मास पाळत नाही! म्हणून फक्त लग्नसराईवर विसंबू नका. कॉलेजं पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात, तेव्हा पलंग-टेबलाला मागणी असते. पावसात ताम्हिणी आणि धरणाकडे पर्यटक येतात, तेव्हा घरगुती मुक्काम देणाऱ्यांना जादा गाद्या-पांघरुणं लागतात. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं ठेवलीत तर बारा महिने थोडं-थोडं येत राहील.

रिकामं घर सजवून देणं
भूगाव, भुकूम, पिरंगुटच्या सोसायट्यांत विकायचे रिकामे फ्लॅट असतात. रिकामी खोली बघून पलंग कुठे बसेल, टेबल कुठे मावेल हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून घर दाखवण्यापुरतं सामान मांडून देतात. शहरात याला होम स्टेजिंग म्हणतात. घर झाडून-पुसून, काचा स्वच्छ करून पलंग, साधे पडदे, टेबल, दोन कुंड्या मांडायच्या. पलंगावर गटातल्या बायांनी शिवलेली गोधडी टाकली तर तिलाही गिऱ्हाईक मिळेल. सामान कमीच ठेवा, म्हणजे खोली मोठी दिसते. मांडणीची मजुरी वेगळी आणि सामानाचं भाडं वेगळं लावा. घर कधी विकलं जाईल याचा नेम नसतो, म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ घ्या.

ओळखीचा असला तरी लिहूनच घ्या
प्रत्येक वस्तूवर रंगाने नंबर टाका. देताना मोबाईलवर फोटो काढा, ओरखडा असेल तर पावतीवर नोंदवा. गिऱ्हाइकाच्या ओळखपत्राची प्रत, दोन महिन्यांचं डिपॉझिट, परतीची तारीख आणि टेम्पोचा खर्च कोणाकडे, हे सगळं आधी ठरवून सही घ्या. सामान परत आलं की दोघींनी मिळून तपासायचं आणि मगच डिपॉझिट द्यायचं. असं केलं की "आधीच मोडलं होतं" हा वाद राहत नाही.

सामान टिकवा
आपल्याकडच्या पावसात प्लायवूड फुगतं, गाद्यांना बुरशी धरते. घेताना लोखंडी, घडीचे पलंग आणि धुता येतील अशी खोळ असलेल्या गाद्या बघा. सामान जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी मांडणीवर ठेवा. ऊन पडलं की गाद्या तापवा. प्रत्येक भाड्यातून दुरुस्तीचे पैसे वेगळे काढा, ते वाटून घेऊ नका.

सुरुवात कशी करायची?
दोन-तीन संचांनीच सुरुवात करा. अंतर्गत कर्ज किंवा ग्रामसंघाच्या निधीतून तेवढं जमतं. उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा.

पुढच्या बैठकीला एवढंच करा : आपल्या गावापासून टेम्पोच्या एका फेरीत किती सोसायट्या आणि मुलांच्या खोल्या येतात, ते मोजून आणा. कोणाला काय हवंय तेही विचारा. ती यादी हातात आली की मगच दुकानात जा.