लेबल तेच, वस्तू वेगळी

मागच्या व्याख्यानात आपण 'अतिव्याप्ती' पाहिली. 'शिंगं असते ती गाय' असं लक्षण केलं की म्हैसही गाय ठरते. आता हाच दोष एका भलत्याच ठिकाणी बघू. हसू नका, माझा विषय सोडून मी कुठे गेलेलो नाही!

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला. क्रेडिट कार्डाएवढा संगणक. त्याचा प्रोसेसर जुन्या एआरएमव्ही६ पिढीचा, पण दशांशांची गणितं करणारा भाग चिपवरच होता. डेबियनच्या 'आर्मएचएफ' पॅकेजांना मात्र किमान एआरएमव्ही७ लागायचं. दुसरी जात 'आर्मेल'; ती चालायची, पण तो गणिती भाग वापरायचीच नाही. म्हणून मोजक्या स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजेस व्ही६साठी पुन्हा बांधली. तेच रास्पबियन. अफाट काम! पण लेबल ठेवलं तेच: आर्मएचएफ. एका नावाखाली दोन वस्तू.

पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम काय बघतो? नाव, आवृत्ती, लेबल. चिप बघत नाही. माझ्या पुतण्याने शेतावरच्या ठिबकसाठी घरी नव्या पायवर कार्ड तयार केलं, त्यात एक लायब्ररी डेबियनची घेतली. घरी सगळं उत्तम चाललं. तेच कार्ड विहिरीवरच्या जुन्या पायमध्ये घातलं, आणि प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पडला. म्हणजे काय, तर ही आज्ञा त्या चिपच्या भाषेतच नाही.

यावर डेबियनमध्ये एक सोय आहे. निऑन नावाची जलद गणिताची सोय प्रत्येक व्ही७ चिपवर नसते. ज्या पॅकेजला ती लागते, ते 'निऑन-सपोर्ट' या छोट्या पॅकेजवर अवलंबून राहतं, आणि ते बसवतानाच चिप तपासून नकार देतं. कल्पना चांगली. पण मला अपुरी वाटते, कारण तपासणी बसवताना होते आणि कार्ड नंतर दुसऱ्या यंत्रात जातं! तेव्हा सुरू होतानाच कर्नेलला विचारावं: बाबा रे, या चिपला काय काय येतं? जमत असेल तर जलद वाट, नसेल तर साधी; दोन्ही पॅकेजमध्ये ठेवाव्या लागतात, जागा थोडी जाते. तेही नको असेल तर सुरुवातीच्या स्क्रिप्टने लॉगमध्ये 'ही चिप चालणार नाही' एवढी ओळ लिहून थांबावं. पुतण्याला ती ओळ दिसली असती, तर कांद्याचं दोन दिवसांचं पाणी चुकलं नसतं.