चित्रात प्राण येतो कसा?

आषाढात मुळशी खोऱ्यात भातलावणीची लगबग सुरू होते. ॲनिमेशन, म्हणजे चलच्चित्रकला, शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते दृश्य म्हणजे एक पाठच असतो. रोपे लावणारी स्त्री चिखलातून पाय उपसताना किती वाकते, तोल कोणत्या पायावर घेते, हे तो न्याहाळतो आणि वहीत रेखाटतो.

चित्रपटात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. त्यामुळे ती हलल्याचा भास होतो. एका मिनिटाला अशी १,४४० चित्रे लागतात. हालचालीतील मुख्य अवस्था विद्यार्थी योजतो. मधली चित्रे संगणक भरतो. परंतु चिखलाची ओढ संगणकाला ठाऊक नसते. सांगितल्यावाचून तो पाऊल कोठेही न अडता उचलतो आणि ती स्त्री हवेत चालल्यासारखी भासते. पाय कोठे अडेल, केव्हा झटकन सुटेल, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. संगणकावरील खेळात तर खेळणारा आकृतीभोवती फिरून पाहू शकतो. म्हणून ती सर्व बाजूंनी घडवावी लागते.

संगणक नव्हते, तेव्हा १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसामागून दिवस त्याचे चित्रण करून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. आज साधने बदलली आहेत. मात्र बारीक निरीक्षणाचे काम अजूनही माणसालाच करावे लागते.